‘वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाई’ : एका वाक्याची चिकित्सा

वऱ्हाडच्या आर्थिक जीवनाविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक वाक्य थोड्याबहुत फरकाने सर्वत्र भेटते : ‘वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाई आणि तेथून कापड होऊन परत येई.’ शालेय पुस्तकांत ते आहे, संस्थांच्या स्मरणिकांत आहे, समारंभांतील भाषणांत आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत, बहुधा पहिल्याच प्रकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पृष्ठावर, ते हमखास असते. पुढील प्रकरणांतील प्रत्येक विधानास तळटीप असते. या वाक्यास मात्र नसते. लिहिणाऱ्यास त्याचा आधार द्यावासा वाटत नाही आणि तपासणाऱ्यास तो मागावासा वाटत नाही. जे वाक्य विद्वान आणि वक्ता हे दोघेही सारख्याच निःशंकपणे उच्चारतात, त्याची चिकित्सा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे असे मानून प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

हे वाक्य खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. खोट्या वाक्याचे खंडन एखाद्या पुराव्याने होऊन जाते आणि विषय मिटतो. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग त्याच्या व्याकरणाने पुरविला आहे. जे पुराव्याने सिद्ध होत नाही ते एका विशेषनामाने, एका क्रियापदाने आणि एका काळाने सिद्ध झाल्यासारखे वाटते. म्हणून येथे साक्ष केवळ व्यापाराच्या इतिहासाची काढून भागणार नाही. वाक्यातील पदांचीही काढावी लागेल.

प्रथम ‘मँचेस्टर’ हे नाव घेऊ. आजचा नकाशा उघडला तर या नावाच्या दोन वस्तू दिसतात. एक मँचेस्टर हे शहर. आणि दुसरा ‘ग्रेटर मँचेस्टर’, ज्यास बृहन्मुंबईच्या धर्तीवर बृहन्मँचेस्टर म्हणता येईल, असा महानगरी परगणा. १९७२ च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने इंग्लंडात जे महानगरी परगणे निर्माण झाले त्यांपैकी हा एक असून तो १ एप्रिल १९७४ रोजी अस्तित्वात आला. मँचेस्टर, सॅल्फर्ड, बोल्टन, बरी, ओल्डम, रॉचडेल, स्टॉकपोर्ट, टेमसाइड, ट्रॅफर्ड आणि विगन असे त्याचे दहा नगरविभाग आहेत. यांतील बराचसा प्रदेश जुन्या लँकाशायरमधून, दक्षिणेकडील काही चेशायरमधून, आणि सॅडलवर्थचा तुकडा तर यॉर्कशायरमधून काढून घेतलेला आहे. १९८६ मध्ये या परगण्याचे निर्वाचित मंडळ रद्द झाले. परगणा नावाने मात्र राहिला, आणि २०११ पासून दहा नगरविभागांचे संयुक्त प्राधिकरण कारभाराचा काही भाग पाहते. मंडळ गेले तरी नाव उरले याचे वऱ्हाडातील वाचकास नवल वाटण्याचे कारण नाही. ‘वऱ्हाड’ हेही आज कोणत्याच शासकीय विभागाचे नाव नाही, आणि तरी ते सर्वांस कळते.

या परगण्याच्या निर्मितीने आपल्या वाक्यावर एक विलक्षण परिणाम केला आहे. ओल्डम आणि बोल्टन ही सूतकताईची थोर केंद्रे. एकोणिसाव्या शतकात ती लँकाशायरमध्ये होती. आज ती बृहन्मँचेस्टरमध्ये आहेत. विणकामाची मोठी केंद्रे ब्लॅकबर्न आणि बर्नली ही तेव्हाही लँकाशायरमध्ये होती व आजही आहेत. ज्या बंदरात कापूस उतरे ते लिव्हरपूल तेव्हा लँकाशायरमध्ये होते. आज ते मर्सीसाइड या दुसऱ्या, त्याच दिवशी जन्मलेल्या, महानगरी परगण्यात आहे. तेव्हा आजचा विद्यार्थी ‘मँचेस्टर’ हा शब्द आजच्या नकाशावरून वाचू लागला तर सूत काढणारी गावे त्याच्या अर्थात येतात, कापड विणणारी बाहेर राहतात, आणि बंदर तिसरीकडेच जाते. उलट १८७० च्या सुमाराच्या कागदांतील ‘मँचेस्टर’ आजच्या परगण्याएवढे मानले तर त्या कागदांस नसलेला अर्थ चिकटतो. एकाच नावाच्या दोन व्याप्ती आहेत, आणि आपले लेखन कोणतीही एक न निवडता दोहोंचा लाभ घेते.

पण नकाशाचा घोटाळा हा दुय्यम होय. मूळ प्रश्न असा की, त्या काळातील मँचेस्टर शहर कापसाचे नेमके करीत काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते मुख्यतः गिरण्यांचे नव्हे तर वखारींचे आणि सौद्यांचे शहर होत गेले. सूत आणि कापड यांचे व्यवहार तेथील रॉयल एक्स्चेंजच्या विस्तीर्ण दालनात होत. चाती आणि माग भोवतालच्या गावांत चालत. ज्या एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथाने मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांना जगभर कुप्रसिद्धी दिली, त्याचे घराणे ज्या गिरणीत भागीदार होते ती गिरणीही शेजारच्या सॅल्फर्डमध्ये होती. कच्चा कापूस तर लिव्हरपूलच्या दलालांच्या हातून विकला जाई. समुद्रातील जहाजे थेट मँचेस्टरपर्यंत नेणारा कालवा १८९४ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी कोणत्याही देशाच्या कापसाची गठाण समुद्रातील जहाजातून थेट मँचेस्टरच्या धक्क्यावर उतरणे शक्यच नव्हते. गांधीजी १९३१ मध्ये लँकाशायरच्या बेकार कामगारांना भेटावयास गेले तो प्रसंगही मराठीत पुष्कळदा ‘गांधीजी मँचेस्टरच्या कामगारांत’ अशा शब्दांनी सांगितला जातो. ते उतरले होते डार्वेन या विणकरांच्या गावी, ब्लॅकबर्नजवळ. आणि डार्वेन १९७४ नंतरच्याही बृहन्मँचेस्टरमध्ये येत नाही.

तेव्हा ‘मँचेस्टर’ येथे अभिधेने आलेले नाही, लक्षणेने आले आहे, हे उघड आहे. आपल्या साहित्यशास्त्राने लक्षणेचे दोन प्रकार मानले आहेत : एक प्रयोजनासाठी केलेली आणि दुसरी केवळ रूढीने चालत आलेली. हा भेद या शब्दाच्या मराठीतील चरित्रास इतका चपखल लागू पडतो की, अलंकारशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून तो खुशाल वापरावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रांत ‘मँचेस्टर’ हा शब्द जो येतो तो सप्रयोजन येतो. परदेशी सुती कापडावरील आयातकर १८८२ मध्ये उठविला गेला. १८९४ मध्ये सरकारने तिजोरीच्या अडचणीमुळे तो पाच टक्के दराने पुन्हा बसविला. आणि १८९६ मध्ये तो साडेतीन टक्के करून त्याबरोबरच हिंदी गिरण्यांच्या कापडावर तितकाच अंतर्गत कर लादण्यात आला. या घडामोडींमागे लँकाशायरच्या गिरणीमालकांचा आणि मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाचा दबाव होता, ही गोष्ट कोणी लपविली नाही. टिळकांच्या वेळच्या लेखकाने ‘मँचेस्टर’ म्हटले म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे एक हितसंबंध असे. तो बोले, मागणी करी, आणि लंडनमध्ये ती मान्य करवून घेई. तेथे नगराचे नाव कर्त्याच्या जागी येते आणि ते योग्यच आहे. याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्थशास्त्रात ज्याला ‘मँचेस्टर पंथ’ म्हणतात तो सरकारने व्यापारात हात घालू नये असे सांगणारा. पण त्याच पंथाच्या जॉन ब्राइटने १८४८ मध्ये हिंदुस्थानातील कापूस-लागवडीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचे अध्यक्षपद भूषविले, आणि १८५७ मध्ये स्थापन झालेली मँचेस्टरची कापूस पुरवठा संघटना हिंदुस्थान सरकारने सडका बांधाव्यात, रेल्वे न्यावी, असा धोशा धरून बसली होती. राजकीय अर्थाने मँचेस्टर वऱ्हाडापर्यंत पोचले होते यात शंका नाही.

हा अंतर्गत कर १९२५ च्या अखेरीस स्थगित होऊन १९२६ मध्ये कायमचा गेला. त्यानंतर प्रयोजन संपले. शब्द मात्र उरला, आणि रूढ झाला. पूर्वी जो दबाव आणणाऱ्याचे नाव होता तो आता कापूस जाण्याच्या ठिकाणाचे नाव झाला. प्रथमा विभक्तीतील मँचेस्टर ‘-ला’ प्रत्यय घेऊन बसले. कर्त्याचे स्थळ झाले! माझ्या मते आपल्या वाक्यातील सर्व गोंधळाचे मूळ या एका विभक्तिपरिवर्तनात आहे.

जाता जाता एका लोकव्युत्पत्तीचा उल्लेख केला पाहिजे. ‘मांजरपाट’ हा शब्द मँचेस्टरपासून निघाला असे सांगणारे सद्गृहस्थ अधूनमधून भेटतात. ध्वनींच्या दृष्टीने ‘-स्टर’ चा लोप होऊन ‘पाट’ कोठून आला हे त्यांना सांगता येत नाही, आणि मराठीत ‘मादरपाट’ असे जे दुसरे रूप आहे ते त्यांच्या गणतीत नसते. ते रूप लक्षात घेतले की दृष्टी उत्तर इंग्लंडकडे न जाता मद्रासकडे वळते. ‘मादर’ चे ‘मांजर’ होणे हा अपरिचित शब्दास परिचिताचा पोशाख घालण्याचा नेहमीचा प्रकार होय. पण ही व्युत्पत्ती लोकांना इतकी पटते तरी का? कारण कापडाचा प्रत्येक धागा मँचेस्टरपर्यंत नेऊन पोचविण्याची आपल्या मनाला सवय लागली आहे.

आता गंमत अशी की, अशीच सवय पलीकडच्या टोकालाही लागली होती. लँकाशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानच्या सरसकट कापसास ‘सूरत’ म्हणत. तो कापूस खानदेशाचा असो, वऱ्हाडचा असो की काठेवाडचा असो. तो चढे मुंबईच्या बंदरावर आणि सूरतेशी त्याचा संबंध असे तो एका जुन्या व्यापारी आठवणीपुरता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६० मध्ये ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश अमेरिकेतून येत होता; तो आटला, आणि १८६५ पर्यंत लँकाशायरमध्ये जो ‘कापसाचा दुष्काळ’ पडला त्यात हिंदी कापूस नाइलाजाने वापरावा लागला. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, दमट हवेतही तुटणारा हा कापूस विणकरांचा शत्रूच झाला. धागा जितक्या वेळा तुटे तितक्या वेळा माग थांबे, आणि मजुरी कापडाच्या मापावर असल्याने माग थांबला की मजुरी बुडे. स्टॅलीब्रिजमध्ये राहणारा बोलीतील कवी सॅम्युअल लेकॉक याने त्या दिवसांत ‘शुरट’ विणणाऱ्याचे गीत लिहिले. लँकाशायरच्या बोलीतील हे ‘शुरट’ म्हणजे आपली सूरत. आणि तेथे ते शहराचे नाव राहिलेले नव्हते, निकृष्टपणाचे नाव झाले होते. स्टॅलीब्रिज आज बृहन्मँचेस्टरच्या टेमसाइड विभागात आहे.

हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. वऱ्हाडने ओल्डम, बोल्टन, ब्लॅकबर्न, लिव्हरपूल ही सारी ‘मँचेस्टर’ या एका नावात कोंबली. लँकाशायरने अमरावती, खामगाव, हिंगणघाट ही सारी ‘सूरत’ या एका नावात कोंबली. दोन्ही नावे पेठांची आहेत; शेताचे किंवा मागाचे नाव एकही नाही. स्टॅलीब्रिजच्या विणकरास आपले तुटके सूत कोणत्या मातीतून आले हे ठाऊक नव्हते, आणि यवतमाळकडील शेतकऱ्यास आपली रुई कोणाच्या हातात तुटते हे ठाऊक नव्हते. लिव्हरपूलच्या दलालांस मात्र प्रतवारी करणे भाग असल्याने त्यांनी ‘सूरत’ फोडून त्यातून वऱ्हाडी कापसासाठी निराळे नाव काढले होते. ‘उमरावती’ या लोकप्रचलित उच्चाराचे इंग्रजांनी ‘ऊमरावटी’ केले आणि बाजाराने त्याचे शेपूट तोडून ‘ऊमरा’ हा व्यापारी शब्द पाडला. पुढे तो इतका सैल झाला की खानदेश आणि मध्य प्रांत येथील मालही ‘ऊमरा’ म्हणून विकला जाऊ लागला. यावरून आपल्या वाक्यातील ‘वऱ्हाडचा’ ही षष्ठीसुद्धा किती भरवशाची आहे ते कळते. परंतु त्या पदावर अधिक थांबत नाही, कारण खरी अडचण क्रियापदात आहे.

‘जाई’ हा आपले व्याकरणकार ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात त्याचा प्रयोग. राजा शिकारीस जाई, आजी पहाटे उठे, अशा वाक्यांत तो शोभतो. या काळाचा धर्म असा की, तो क्रियेला आरंभ देत नाही, अंत देत नाही आणि मोजदादही देत नाही. केवळ रीत होती एवढेच सांगतो. कथेला हे पुरते, इतिहासाला पुरत नाही. वऱ्हाडचा कापूस लँकाशायरकडे जाण्याची रीत किती वर्षे होती? १८६१ ते १८६५ या वर्षांत ती निःसंशय होती, आणि पुढेही काही वर्षे चालली. पण अमेरिकेचे शेत सावरले तसतसा लँकाशायरने हिंदी कापूस टाकून दिला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईची जहाजे भूमध्य समुद्रातील बंदरांस थेट लागू लागली आणि जाडेभरडे सूत काढणाऱ्या युरोपीय भूखंडावरील गिरण्या ‘ऊमरा’ चे मोठे गिऱ्हाईक झाल्या. खामगावात खरेदी करणाऱ्या फोल्कार्ट बंधूंची पेढी मूळची स्वित्झर्लंडमधील विंटरथूरची होती, ही गोष्ट बोलकी आहे. याच काळात मुंबई, नागपूर, हिंगणघाट, पुलगाव येथे गिरण्या उभ्या राहिल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. १८९३ मध्ये मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बनला.

यास दोन साक्षी देतो. पहिली १९३३ ची. जपानी कापडावर हिंदुस्थान सरकारने जबर कर बसविला तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. त्याने कापूस पिकविणाऱ्या प्रांतांचे धाबे दणाणले; आणि १९३४ च्या आरंभी जो करार झाला त्यात जपानने वर्षास १५ लक्ष गठाणी घेतल्यास त्याला ४० कोटी वार कापड हिंदुस्थानात विकता यावे, असा हिशेब बांधण्यात आला. मधल्या काळात, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबईचे गिरणीमालक आणि लँकाशायरचे शिष्टमंडळ यांच्यात जो मोदी-लीस करार झाला त्यात लँकाशायरने हिंदी कापूस अधिक वापरण्याचा प्रयत्न करावा असे ठरले. प्रयत्न करावा असे ठरवावे लागले! जो माल रीतीने तेथे जातच होता त्यासाठी करारात असे कलम कोण घालील?

दुसरी साक्ष खुद्द शेताची आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. या प्रदेशात ‘बनी’ नावाचा लांब, मऊ धाग्याचा देशी कापूस होता. हिंगणघाटच्या मालाची कीर्ती त्याच्यामुळेच झाली. लँकाशायरला हवा तो असाच. वऱ्हाड व मध्य प्रांतांचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक १८६० नंतरच्या दशकात बनीची शुद्धता टिकविण्यासाठी धडपडत होता. तरीही पुढील पन्नास वर्षांत शेतकऱ्यांनी बनी सोडून ‘जरी’ हा आखूड आणि राठ धाग्याचा, पण अधिक पिकणारा व अधिक रुई देणारा कापूस धरला. याला इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याचे अज्ञान म्हटले. ते अज्ञान नव्हते. युरोपातील, जपानातील आणि देशातील गिऱ्हाईक राठ कापूस आनंदाने घेत होते आणि बनीला त्याच्या गुणाइतका जादा भाव मिळत नव्हता. वऱ्हाड जर मँचेस्टरसाठीच पिकवीत असता तर बनी टिकला असता. जरीचे पीक हाच त्या वाक्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप होय.

मग वऱ्हाडचा उत्तर इंग्लंडशी संबंध नव्हताच काय? होता, आणि फार घट्ट होता. परंतु तो उलट दिशेचा होता. कापूस अनेक दिशांस गेला. भाव मात्र दीर्घ काळ एकाच दिशेने आला, लिव्हरपूलहून. तारायंत्र खामगावच्या बाजारात पोचल्यापासून लिव्हरपूलचा भाव तेथे कळू लागला, आणि कोबेला जाणारी गठाणही त्या भावाच्या छायेतच विकली जाऊ लागली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावची रेल्वेशाखा खुली झाली तेव्हा वऱ्हाडचा शेतकरी केवळ एका बंदराशी जोडला गेला नाही. आपण न पाहिलेल्या पेठेतील चढउताराशी जोडला गेला. ज्वारीची जमीन कापसाखाली जाणे, कर्ज कापसाच्या आशेवर उचलले जाणे, आणि १८९९-१९०० सारख्या वर्षी धान्य विकत घ्यावयास पैसा नसणे, या गोष्टींचा उलगडा मालाच्या प्रवासाने होत नाही, भावाच्या प्रवासाने होतो. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ, आणि स्वेन बेकर्ट यांचा २०१४ मधील कापसाचा जागतिक इतिहास, हे दोन्ही आपल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीत असतात. बेकर्ट यांच्या ग्रंथाचा आरंभ १८६० च्या जानेवारीत मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाच्या सभेने होतो हे खरे. परंतु पुढे खामगावसाठी त्यांनी जी पाने खर्च केली आहेत ती वाचून पुन्हा ‘मँचेस्टरला जाई’ असे लिहिणे म्हणजे ग्रंथ उघडून त्याची पहिली दोन पाने तेवढी वाचणे होय.

‘जाई’ विषयी आणखी एक म्हणावयाचे आहे. ‘जाणे’ हे अकर्मक आहे. नदी जाते, वारा जातो, तसा कापूस जाई. त्याला कोणी नेले, कोणी घेतले, कोणी दिले, याची वाच्यता क्रियापदास करावी लागत नाही. धामणगावचे स्थानक डोळ्यांपुढे आणले की हे अकर्मकत्व किती फसवे आहे ते दिसते. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला. त्यानंतर कित्येक वर्षे, मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू होईपर्यंत, यवतमाळकडील कापसाचे स्थानक धामणगाव हेच होते. सुमारे २९ मैलांची सडक बैलगाड्यांनी तुडविली जाई. शेतात बायांनी वेचला तो ‘कापूस’. जिनात सरकी निघाली की त्याची ‘रुई’ झाली. प्रेसमध्ये दाबली की ‘गठाण’ झाली. वऱ्हाडीत हे तीन शब्द तीन मालकांचे निदर्शक आहेत. सामान्यतः कापूस शेतकऱ्याचा असे. रुई होईपर्यंत तो सावकाराच्या किंवा अडत्याच्या हाती गेलेला असे. आणि गठाणीवर पेढीचे चिन्ह पडे. वजनाने तीन भाग कापसातून जेमतेम एक भाग रुई निघते. सारांश, बोटीत चढला तो ‘कापूस’ नव्हता, आणि चढला तेव्हा तो शेतकऱ्याचाही नव्हता. बोलीने जपलेला हा भेद प्रमाण मराठीच्या लेखकाने एका सरसकट शब्दात बुडवावा, हे मला भाषिक दारिद्र्याचे लक्षण वाटते.

वऱ्हाडी बोलणारा माणूस स्वाभाविकपणे म्हणेल ते असे : ‘कापूस धामनगावले नेला.’ येथे ‘-ला’ च्या जागी ‘-ले’ आहे आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ आहे, हे तर सर्वांस ठाऊक आहे. महत्त्वाचे आहे ते क्रियापद. ‘नेला’ हे सकर्मक आहे. नेणारा कोणी आहे, आणि जेथवर त्याने नेला तेथवरच वाक्य जाते. १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार खरेदी चालू असताना ‘कापूस फेडरेशनले दिला’ असे वाक्य रूढ होते. त्यातही देणारा आणि घेणारा दोघे हजर आहेत. आपल्याला जे पाहता आले त्याच्यापुढे बोलीतले वाक्य पाऊल टाकत नाही. मँचेस्टरपर्यंतची मजल मारली ती लेखी मराठीने.

वाक्याचा उत्तरार्ध तर पूर्वार्धाहूनही कच्चा आहे. ‘तेथून कापड होऊन परत येई’ यातील ‘परत’ या शब्दाने असे सुचविले जाते की, गेलेलीच वस्तू रूप पालटून आली. लँकाशायरचे कापड वऱ्हाडच्या बाजारात भरपूर येत होते आणि त्याने येथील कोष्ट्यांचे माग बसविले यात दुमत नाही. परंतु ते कापड मुख्यतः अमेरिकन कापसाचे होते. अमरावतीच्या दुकानातील धोतरात मिसिसिपीकाठची रुई असण्याचा संभव पुष्कळ अधिक होता आणि वऱ्हाडच्या रुईचे सूत ओसाकात निघण्याचा. ‘आमचेच आम्हांला परत विकले’ हे भाषणात परिणामकारक वाटते. पण त्याने खरा प्रकार सौम्य होतो. जे घडले ते याहून कठोर होते : कोष्ट्याचा माग बसविणाऱ्या कापडाला वऱ्हाडच्या कापसाची गरजही नव्हती.

या रूढ लक्षणेचे आणखी एक अपत्य म्हणजे गावांस दिली जाणारी बिरुदे. अहमदाबाद हे हिंदुस्थानचे मँचेस्टर, कोइमतूर हे दक्षिणेचे, कानपूर हे पूर्वेचे, इचलकरंजी हे महाराष्ट्राचे. ही पदवी नेहमी माग चालविणाऱ्या गावास मिळते. पेठ हे ज्या नावाचे मूळ कार्य, ते त्यातून केव्हाच गळाले आहे. कापूस पिकविणाऱ्या गावास ‘पांढरे सोने’ मिळते, आणि तेही भाव पडलेल्या वर्षी उच्चारले गेले तर क्रूर वाटते.

विद्यार्थ्यांनी ‘मँचेस्टर’ हा शब्द वर्ज्य करावा असे नाही. करांविषयी लिहिताना तो कर्ता म्हणून यावा. सौद्यांविषयी लिहिताना शहराचे नाव म्हणून यावा. आणि कापसाच्या प्रवासाविषयी लिहिताना वर्ष, बंदर आणि पेढी यांची नावे घेऊन मगच, आवश्यकता असेल तर, यावा. ‘जाई’ च्या जागी ‘नेला’, ‘विकत घेतला’, ‘पाठविला’ लिहून पाहावे. कर्त्याची जागा रिकामी दिसू लागली की कोणता कागद शोधावयाचा हे आपोआप कळते.

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत : एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. दोन धामणगावेही आहेत : एक धामणगाव गढी आणि दुसरे धामणगाव रेल्वे. गढी, बाजार आणि रेल्वे ही तीन उपपदे म्हणजे या प्रदेशाच्या तीन निरनिराळ्या काळांतील सत्तास्थाने होत, आणि ती कोणत्याही इतिहासकाराने दिलेली नसून टपाल, महसूल आणि लोकव्यवहार यांच्या गरजेतून ग्रामनामांस चिकटलेली आहेत. धामणगावकडे येताना कापसाच्या गाडीपुढे उभे होते ते हे उपपद. कोणत्या वर्षीच्या कोणत्या कागदावर ‘रेल्वे’ प्रथम धामणगावच्या पुढे लिहिले गेले, याचा शोध विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने महसुली नोंदी, टपालाच्या याद्या आणि स्थानकांची वेळापत्रके यांवरून घ्यावा; मँचेस्टरवरील आणखी एका परिच्छेदापेक्षा त्याचे मोल अधिक असेल.